मंदाकाकूंचा फुलोरा

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मंदाकाकूंचं नाव सांगतो. आई-वडिलांचं नाव त्यात घेत नाही, कारण त्यांचं देणं फेडायचं नसतंच. मंदा मुरलीधर निखाडे, राहणार धरमपेठ, नागपूर. हे मी त्यांच्यासमोर बोललो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, "कायचे उपकार गा? मले माह्या करंजीची पडली होती." आणि ते अगदी खरं आहे. त्यांना त्यांच्या करंजीचीच पडली होती. त्या करंजीच्या नादात मी बी.एस्सी. झालो.

त्यांचं नाव मंदा कोणी ठेवलं असेल, हा प्रश्न त्यांना पाहणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. काकू बसलेल्या मी क्वचित पाहिल्या. जेवायच्या त्या ओट्यापाशी उभ्यानं, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं गॅस कमी-जास्त करत. मालिका बघायच्या त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहून, तीही अर्धी. पाहुणे आले की "बसा बसा" म्हणत स्वतः या खोलीतून त्या खोलीत. मुरलीधरकाका वीज कार्यालयातून निवृत्त झालेले, स्वभावानं शांत. ते म्हणायचे, "आमच्याकडचा सोफा वीस वर्षं टिकला, कारण तो मी एकट्यानंच वापरला."

मी पारशिवनीचा. वडिलांचं बसस्टँडजवळ सायकल-दुरुस्तीचं दुकान, आईची एक म्हैस. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझ्या शाळेतल्या सरांची आणि काकांची जुनी ओळख होती, म्हणून त्यांच्या गच्चीवरची खोली मला मिळाली. आषाढात एका दुपारी मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो. काकूंनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या हातात एक करंजी ठेवली.

"खा. आन् सांग."

मी खाल्ली. म्हटलं, "छान आहे."

"छान तं पाहुणे म्हणते. तू आता घरातला. कडक हाये का मऊ? टाळूले चिकटून राहिली का?"

मी जीभ फिरवून पाहिली. "चिकटते थोडी."

"डालडा!" काकू आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या. "म्या म्हटलं नव्हतं? या पोट्ट्याले बी समजलं, तुमाले नाही समजलं!"

आतून काकांचा आवाज आला, "त्याचं नाव तरी विचार वं." मी गजानन म्हणून सांगितलं; काकूंनी लगेच त्याचं गजू केलं.

मग माझं लक्ष मागच्या व्हरांड्याकडे गेलं. तिथं कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावर कपडे नव्हते. ओळीनं करंज्या लटकत होत्या, प्रत्येक वेगळ्या दोऱ्याला, आणि वाऱ्यानं हळूहळू फिरत होत्या.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात; इतरत्र त्यांना गौरी म्हणतात. दोघी बहिणी, तीन दिवसांच्या पाहुण्या. त्यांच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला तळलेले पदार्थ दोऱ्यांनी बांधतात. करंजी, पापडी, देवीसाठी पिठाची वेणी, पिठाची फणी, चंद्र, पाळणा. हा फुलोरा. तो तीन दिवस लटकला पाहिजे. त्यातलं काही खाली पडलं तर तो अपशकुन; घरातली माणसं एकमेकांकडे पाहतात. म्हणून बायका फुलोऱ्याचं पीठ घट्ट भिजवतात आणि मोहन, म्हणजे पिठात चोळायचं तूप किंवा तेल, जवळजवळ घालतच नाहीत. मोहन घातलं की करंजी खुसखुशीत होते, आणि खुसखुशीत करंजीचं भोक दोऱ्याला पेलत नाही. म्हणून फुलोरा दगडासारखा करायचा, तीन दिवस बघायचा आणि नंतर गाईला घालायचा, हा सगळ्यांचा रिवाज.

काकूंच्या घरी महालक्ष्म्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. पितळेचे मुखवटे थोरल्या मुलाकडे असायचे, आणि काका थोरले. काकूही बरीच वर्षं सगळ्यांसारखा दगडी फुलोराच करायच्या. मग एका वर्षी विसर्जनानंतर त्या टोपली घेऊन गल्लीतल्या गाईसमोर गेल्या. गाईनं एक करंजी हुंगली, जिभेनं पालथी केली आणि मान फिरवून शेजारच्या घराबाहेर पडलेलं पुठ्ठ्याचं खोकं खाऊ लागली. ही गोष्ट काकू मला अनेकदा सांगायच्या आणि प्रत्येक वेळी नव्यानं चिडायच्या.

"खोकं खाल्लं तिनं गजू! खोकं! आन् माही करंजी नाही. तीन दिवस ज्या देवीपुढं टांगली, तिले काय वाटलं असन? पाहुणीच्या डोक्यावर खायचं टांगाचं आन् ते खाता येत नाही. देवी काय म्यूझियममधी आली काय?"

त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. लटकेल आणि तोंडात विरघळेल, अशी करंजी. दोन्ही एकाच वेळी.

मी राहायला गेलो तोवर हे वेड काही वर्षं जुनं झालं होतं. दरवर्षी आषाढात प्रयोग सुरू व्हायचे आणि भाद्रपद आला की वेळ संपून काकू नाइलाजानं दगडी फुलोराच बांधायच्या. पण घरात तेला-तुपाची मोजदाद राहिली नव्हती. साजूक तुपाचं मोहन घातलं की करंजीला वास सुरेख यायचा, पण दुसऱ्या दिवशी ती सादळायची आणि भोक रुंद व्हायचं. डालडा पक्का, आठवडाभर हलणार नाही, पण टाळूवर मेण लावल्यासारखा. शेंगदाण्याच्या तेलानं करंजी कुरकुरीत व्हायची आणि बोट लागताच तुटायची. एकदा माहेरची आठवण म्हणून जवसाच्या तेलाचं मोहन घातलं. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात इतका उग्र वास सुटला की शेजारच्या वहिनींनी विचारलं, "रंग देऊन राहिले काय घराले?" पिठाचंही तेच. नुसता मैदा, मैद्यात रवा, दुधात भिजवून कुटलेला रवा, चिमूटभर तांदळाची पिठी, लिंबाचे थेंब. दूध घातलं तर रंग लवकर चढतो आणि आत कच्चं राहतं. पाणी घातलं तर पारी चिवट होते. हे सगळं आम्ही जेवताना ऐकायचो, कारण वाढताना काकू दुसरं काही बोलायच्या नाहीत.

एकदा त्यांनी मोबाइलवर कोण्या परदेशी बाईचा व्हिडिओ पाहिला. ती बाई फळं भरून 'पाय' नावाचा, भट्टीत भाजायचा पदार्थ करत होती आणि त्याच्या पारीसाठी थंडगार लोण्याचे तुकडे पिठात चोळत होती. पाणी बर्फाचं. लोणी वितळू द्यायचं नाही, मग पदर सुटतात, असं ती सांगत होती. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण बोटं कळत होती. दुसऱ्या दिवशी काका पाणी प्यायला फ्रिजकडे गेले आणि जागीच थांबले.

"मंदे, लाटणं बर्फात काहून आहे?"

"गरम होते ना हातानं. हात नका लावू."

"पोळपाट बी आहे."

"आन् परातही. दार लावा, हवा जाते."

नागपूरच्या दमट, उकाड्याच्या श्रावणात लोण्यानं पोळपाटावर पोचण्याआधीच हार मानली. उरलंसुरलं तेलात गेलं तसं करंज्या फेस धरून विरघळल्या आणि कढईत सारण तरंगू लागलं. काकू झारा हातात घेऊन ते पाहत राहिल्या. मला वाटलं आता संताप होईल. पण त्या पुटपुटल्या, "तिची भट्टी असते. आपलं तेल असते. तेल ओढून घेते लोण्याले. काहून पण?"

हे "काहून" त्यांच्या तोंडून दिवसभर निघायचं. उत्तर मिळालं नाही तर झोप लागत नसे, आणि मिळालं तर दुसरं काहून तयार असे.

पहिल्या वर्षाचा माझा निकाल लागला. दोन विषय गेले होते, रसायन आणि गणित. शाळा मराठीत झालेली, कॉलेजात सर बोलायचे ते माझ्या डोक्यावरून जायचं आणि विचारायची हिंमत नव्हती. पारशिवनीला एका नातेवाइकाचं मोबाइलचं दुकान होतं, तिथं बसावं असं मी ठरवलं. वडिलांना कसं सांगायचं, हे ठरत नव्हतं. बॅग भरत होतो तेव्हा काकू वर आल्या. पिठाचे हात तसेच.

"काहून गेले विषय?"

"इंग्रजी समजत नाही काकू."

"ते नाही विचारून राहिली. त्या रसायनात तेलाचं, तुपाचं येते का?"

"येतं."

"मंग तूप घट्ट होते आन् तेल होत नाही, काहून?"

"पुस्तकात असेल."

"तं पाहून सांग ना गा. ब्याग मागून भर. माह्या पारीचं पीठ भिजून राहिलं."

मी पुस्तक काढलं. शब्दकोश घेऊन बसलो. एकेका वाक्याला वेळ लागत होता आणि खालून मधूनमधून हाक येत होती, "सापडलं काय?" संध्याकाळी मी ओट्यावर आगकाड्या मांडून त्यांना दाखवलं. तुपातले बारीक कण या सरळ काड्यांसारखे, एकावर एक चिकटून बसतात, म्हणून ते गोठतं. तेलातले कण मधे मोडलेल्या काडीसारखे, नीट रचताच येत नाहीत, म्हणून ते पातळ राहतं.

काकूंनी मोडलेली काडी उचलून पाहिली. "म्हणजे तूप समजदार. आन् तेल आमच्या सुधासारखं, कोठं नीट बसतच नाही." सुधा म्हणजे त्यांची सावनेरची धाकटी जाऊ.

काका पेपरातून म्हणाले, "आन् तू कोणती काडी?"

काकू हसल्या नाहीत. त्या पुढच्या प्रश्नावर पोचल्या होत्या. मोहन कडकडीत घालतात ते काहून? पाण्यानं मैदा ताणतो, तुपानं नाही, काहून? मीठ काहून? मी रोज एका प्रश्नाचं उत्तर शोधायचो. चुकीचं सांगितलं तर करंजी खोटं पाडायची. सरांसमोर समजलं नाही असं मला सांगता येत नव्हतं, ते काकूंसमोर सहज सांगता यायचं, कारण त्यांना माझ्या मार्कांशी देणं-घेणंच नव्हतं. बॅग पुन्हा भरायची राहिली ती राहिलीच. त्या वर्षी दोन्ही विषय निघाले, आणि रसायन नंतर कधी मागे पडलं नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात काकूंनी धीर केला. साजूक तुपाचं बेताचं मोहन, रवा-मैद्याची कुटलेली पारी. मागच्या व्हरांड्यात ती सहज तीन दिवस टिकली होती. सावनेरहून सासूबाई, धाकटे दीर सुरेशराव आणि सुधाकाकू आले होते. सासूबाई सावनेरलाच राहायच्या. सुरेशरावांचा कोळसा वाहणाऱ्या ट्रकांचा धंदा होता आणि तिथं त्यांनी नवं घर बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी महाप्रसाद. देवीपुढं पुरणपोळ्या, सोळा भाज्या, वाफाळती आंबील, कापराची आरती, धुपाचा धूर. सगळे टाळ्या वाजवत होते आणि वरून एक करंजी सुटली. ती सरळ आंबिलीच्या वाटीत पडली. आंबील सुधाकाकूंच्या पैठणीवर उडाली.

आरती थांबली नाही, पण टाळ्यांचा आवाज कमी झाला.

आरतीनंतर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवीचं आहे वं हे. तुह्या जिभेचं नाही." मग थोड्या वेळानं, पानं वाढली जात असताना, "पुढच्या वर्षी अजून पडली तं मुखवटे सावनेरले नेईन मी."

काकू वाढत राहिल्या. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी पाहिलं, त्या ओट्यापाशी उभ्या राहून आंबिलीतली ती करंजी चमच्यानं उलटीसुलटी करत होत्या.

"भोक नाही फाटलं गजू. आखी कड मऊ पडली. दोरीवर नाही पडली आन् देवीपुढं पडली. काहून?"

उत्तर त्यांना विसर्जनाच्या दिवशी भांडी घासताना सापडलं. त्या ओल्या हातानं बाहेर आल्या. "वाफ! खाली गरमागरम नैवेद्य, वर करंजी. म्या दोरीखाली काय ठेवलं होतं? काहीच नाही."

पुढचं वर्ष त्या घरात राहायला सोपं नव्हतं. दोरी व्हरांड्यातून स्वयंपाकघरात आली, बरोबर गॅसच्या वर. खाली भात, खाली कुकर, वर करंज्या. काकांच्या टकलाला त्या लागायच्या आणि ते निमूटपणे वाकून जायला शिकले. आधी काकूंचा हा नाद गमतीचा वाटायचा. आता तो तसा राहिला नव्हता. बोलता बोलता त्या उठून जायच्या. दूध उतू जायचं. एकदा मी बघितलं, त्या देवघरासमोर उभ्या होत्या, मुखवट्यांच्या पेटीवर हात ठेवून. मी मागे आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "लगन झालं तवापासून या मुखवट्यायले घासून राहिली मी. चिंच कुठं जास्त लागते, कुठं कमी, मले माहीत. सुधाले नाही माहीत."

सुधाकाकूंनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. बाजारात मिळणारा तयार फुलोरा, चकचकीत, कापडाचा आणि मण्यांचा. खाली लिहिलं होतं, "ताई, हा घ्या. वर्षानुवर्षे टिकतो. टेन्शन नाही."

"मंग महालक्ष्म्या बी तयारच आणा म्हणा, टेन्शन नाही," काकू म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावलं. काकांनी, शेजारच्या वहिनींनी, मीसुद्धा. या एका वर्षी दगडी करा. मुखवटे घरात राहू द्या, मग पुढं काय ते बघू.

"या वर्षी कडक केली तं मंग दरवर्षी कडकच करा लागन गा. पडन म्हणून भेव राहीनच ना दरवर्षी."

श्रावण संपत आला तेव्हा जमलं. मोहन तुपाचंच, पण आधीपेक्षा कमी. पारीत तांदळाची पिठी, वाफ सोसावी म्हणून. आणि खरी युक्ती कडेला. काकू करंजीची मुरड बिनमोहनाच्या घट्ट पिठाची वेगळी पट्टी जोडून घालू लागल्या आणि दोऱ्याचं भोक त्या पट्टीत पाडू लागल्या. दोन पिठं तेलात वेगवेगळी फुगायची आणि सुटायची, म्हणून आच इतकी मंद ठेवायची की एक घाणा तळेपर्यंत माझं वर्तमानपत्र वाचून व्हायचं. कुकरच्या वाफेवर ती करंजी टिकली. काकांनी चावली आणि त्यांच्या शर्टावर चुरा सांडला. काकू त्या चुऱ्याकडे बघत राहिल्या.

तरी आवाहनाच्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन डबे होते. एकात नव्या करंज्या, एकात दगडी. त्यांनी दोन्ही केल्या होत्या. सासूबाई बाहेर येऊन बसल्या होत्या. काकूंनी आधी दगडी डब्याचं झाकण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग तो डबा खालच्या कपाटात ढकलला आणि दुसरा उचलून बाहेर गेल्या.

ते तीन दिवस काकूंनी देवीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. नजर सतत वर. नैवेद्याच्या वेळी आंबिलीची वाफ सरळ वर चढत होती. आरती मोठी झाली, सुरेशरावांना जोर आला होता. करंज्या हलल्या, फिरल्या. एकही सुटली नाही.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून झाल्यावर सासूबाईंनी स्वतः हात वर केला, पण पोचला नाही. मी एक करंजी दोऱ्यातून सोडवून त्यांच्या हातात दिली. त्यांच्या तोंडात दात नव्हते. त्यांनी बोटांनी तुकडा मोडला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. मग दुसरा तुकडा मोडला. आख्खी करंजी संपली.

"बरी झाली," त्या म्हणाल्या. काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. मला वाटलं, आता त्या बसतील.

सासूबाई म्हणाल्या, "सुरेश, मुखवटे कपड्यात नीट गुंडाळ."

काकूंना आधी समजलंच नाही. "काहून, आई? पडलं नाही ना काही."

"नाही पडलं. चांगलं झालं."

"मंग?"

सासूबाईंनी बोटांना लागलेला चुरा झटकला. सुरेशराव खाली बघत म्हणाले, "वहिनी, तुमची काही चूक नाही. तिकडचा हॉल मोठा आहे ना. लोक येतात आमच्याकडं, धंद्याचे, ओळखीचे. इथं गल्लीत गाड्या उभ्या कराले जागा नाही."

"महालक्ष्म्या काय गाडीनं येते काय गा, भाऊजी?"

सुधाकाकू म्हणाल्या, "ताई, तुम्हालाही आराम होईल आता. किती दगदग." त्यांनी हे मनापासून म्हटलं असावं. तेव्हा मला कळलं की हे आधीच ठरलेलं होतं, कदाचित नवं घर बांधलं तेव्हापासून. आंबिलीत पडलेल्या करंजीनं फक्त बोलायला निमित्त दिलं होतं. काका फुलोऱ्याच्या चौकटीखाली उभे होते. थोरले म्हणून त्यांनी काही बोलायला हवं होतं. त्यांनी वरची एक करंजी सोडवली आणि मोठ्यानं चावत राहिले. चावताना त्यांचे डोळे भरून आले होते.

काकूंनी मुखवटे स्वतः गुंडाळले. सुरेशरावांना हात लावू दिला नाही. पेटी गाडीत ठेवताना त्या सुधाकाकूंना म्हणाल्या, "कानामागं चिंच जास्त लाव. तिथं काळं पडते."

पदवी मिळाल्यावर मला बुटीबोरीच्या एका बिस्किट कारखान्यात नोकरी लागली. पिठात कोणतं तेल, किती आणि का, हे तपासायचं काम. मुलाखतीत साहेबांनी तेला-तुपाचं विचारलं तेव्हा मी टेबलावरच्या पेन्सिली उचलून रचायला लागलो होतो. पहिल्या पगाराची साडी घेऊन धरमपेठेत गेलो. काकूंनी साडी घेतली, पण मन तिच्यात नव्हतं. स्वयंपाकघरातल्या दोरीवर टॉवेल वाळत होते.

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांच्यासोबत सावनेरला गेलो. अंगणात गाड्याच गाड्या. हॉलमध्ये देवी सुंदर सजवल्या होत्या, वर तो कापडाचा आणि मण्यांचा फुलोरा, दिव्यांच्या माळेत चमकणारा. काकूंना काही काम नव्हतं. वाढायला ठेक्याची माणसं होती. सुधाकाकू दोनदा म्हणाल्या, "बसा ना वं ताई." काकू "हो, बसली ना" म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. जेवणं चालू असताना मी मागे वळून पाहिलं. त्या देवींसमोर एकट्या होत्या. हात मागे बांधलेले, जसे शाळेत उशिरा आलेलं मूल बांधतं. त्या फुलोऱ्याकडे नाही, मुखवट्यांकडे बघत होत्या. मग पदराचं टोक जिभेनं ओलं केलं, मागे-पुढे पाहिलं, आणि देवीच्या कानामागे हळूच घासलं.

परत येताना गाडीत त्यांच्या तोंडून एकही काहून नाही.

या वर्षी मी त्यांना पत्र पाठवलं. फोन केला की त्या दोन वाक्यं ऐकून काकांच्या हातात देतात. ते पत्र असं.

ती. सौ. मंदाकाकूंना गजाननचा साष्टांग नमस्कार.

काकांना नमस्कार सांगा. पत्र उभ्यानं वाचलं तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरी पारशिवनीला महालक्ष्म्या बसतात. मुखवटे मातीचे आहेत, पितळेचे नाहीत. फुलोरा आमच्याकडे कधी बांधला नाही, कारण छप्पर टिनाचं होतं आणि चौकट टांगायला काही नव्हतं. या उन्हाळ्यात घरावर स्लॅब घातला. आईनं मिस्त्रीला सांगून देवीच्या जागेवर एक कडी बसवून घेतली. नंतर मला म्हणाली, फुलोरा आपल्याला जमत नाही, तुझ्या काकूंना विचार. मी म्हटलं, मानाचं बोलावणं आहे, तूच कर. ती म्हणाली, मला बोलायला भीती वाटते, तू लिही.

तूप घरच्या म्हशीचं आहे. रवाळ निघतं, मोहनाला कसं पडेल ते तुम्हीच येऊन पाहा. रवा, मैदा, पिठी मी नागपूरहून आणतो, कोणती ते कळवा. एक अडचण आहे. आमच्याकडे जागा लहान, चूल देवीच्या अगदी शेजारी असते. वाफ धरमपेठेपेक्षा जास्त राहील. तुमची नवी पट्टी तेवढी सोसेल की नाही, मला सांगता येत नाही. त्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही.

आवाहनाच्या चार दिवस आधी मी न्यायला येतो. काकांनाही आणा.

पडली तर काय, हे मी आईला आधीच विचारून ठेवलं. ती म्हणाली, पडली तं उचलून खाऊ, त्यात काय?

तुमचा,
गजानन